दोन मिलिमीटरचा देठ

मांडीवरची तळहाताएवढी कातडी, खालच्या चरबीसकट, कापून पूर्ण वेगळी काढली. शरीराशी तिचा काही संबंध उरला नाही, ती पांढरीफटक पडली. थोड्या वेळानं तीच कातडी नडगीवर गुलाबी होते आणि माणसाला जन्मभर पुरते! हे होतं कसं?

आधी अडचण बघा. अपघातात नडगीचं हाड उघडं पडलं, तर त्यावर नुसती पातळ कातडी लावून भागत नाही. ती जगते खालून मिळणाऱ्या रक्तावर, आणि उघडं, कोरडं हाड तिला काय देणार? म्हणजे येणाऱ्या कातडीनं आपली रक्ताची सोय बरोबर आणली पाहिजे.

हे आपल्याकडच्या कारागिरांना ठाऊक होतं. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याची एक शस्त्रक्रिया छापून आली. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून नव्यानं घडवलं होतं. कातडी वळवून खाली आणली, पण भुवयांमधला देठ शाबूत ठेवला. तो तोडला सुमारे पंचवीस दिवसांनी. केवढी समज! पण देठ पोचेल तिथवरच मजल.

मग मांडीची कातडी नडगीवर न्यायची कशी? देठच तोडायचा, आणि नव्या जागी जोडायचा. मातीच्या गोळ्यासकट रोप काढावं, तशी कातडी तिच्या धमनी-शिरेसकट काढतात. फक्त ही धमनी असते जेमतेम दोन मिलिमीटर रुंद.

गोल, बुळबुळीत नळीची तोंडं जुळवायची युक्ती फ्रान्सच्या अलेक्सी कॅरेलनं १९०२ साली मांडली: तीन टाके घालून ताणा, गोलाचा त्रिकोण होतो, आणि सरळ कड शिवणं सोपं! पण इतक्या बारीक नळ्यांसाठी सूक्ष्मदर्शक हवा होता. तो १९६०च्या सुमारास रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत आला, आणि १९७३ साली मेलबर्नच्या टेलर व डॅनियल यांनी जांघेतली कातडी पायावर जगवल्याचं जाहीर केलं.

ते शिवणं जवळून बघा. धागा केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. टेबलावर पडला तर सापडायचा नाही. सुई चिमट्यानंच धरायची. सर्जनचे हात टेकवलेले, कारण भिंगाखाली साधा कंपसुद्धा भूकंपासारखा दिसतो. आठ-दहा टाके, आणि एकाही टाक्यात समोरची भिंत अडकता कामा नये; अडकली की वाट बंद. मग रक्त थोपवून धरणारे चाप काढतात. धमनी फुगते, कातडीवर रंग चढतो, आणि दुसऱ्या टोकाला शिरेतून रक्त परत वाहू लागतं. यासारखं दृश्य वैद्यकात क्वचितच असेल.

पुढच्या रात्री नर्स तासातासाला बोटानं दाबून बघते. दोनेक सेकंदांत रंग परतला, ठीक. निळसर दिसली तर शीर तुंबली, पांढरी पडली तर धमनी; पुन्हा थिएटरात धाव. कधी चक्क जळवा लावतात, तुंबलेलं रक्त ओढून घ्यायला! दोन-तीन आठवड्यांत कडांकडून नव्या वाहिन्या आत शिरतात आणि देठावरचा भार हलका होतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगानंतर याच तंत्रानं पायातल्या बारीक हाडाचा जबडा घडवतात, मनगटाजवळच्या कातडीची जीभ. कातडी मात्र आपलं मूळ विसरत नाही: पुरुषाच्या त्या नव्या जिभेवर कधीकधी हातावरचे केस उगवतात.