शेवटच्या सायकलच्या वेगाने

पहाटे साडेचारला तळोज्यात पेंधर मेट्रो स्थानकाखाली तीसेक सायकली खांबांना टेकून उभ्या असतात. औद्योगिक वसाहतीकडून येणारा एखादा टँकर सोडला तर रस्ता रिकामा. इथून पुणे साधारण सव्वाशे किलोमीटर. ते एका दिवसात गाठायचं आणि त्यातून कुणाच्या तरी उपचारांसाठी पैसा उभा करायचा, असा बेत असतो. बघणाऱ्याला रंगीत जर्सी दिसतात, निरोपाच्या टाळ्या ऐकू येतात. पण असा दिवस पार पडतो तो नीट बांधलेल्या व्यवस्थेवर, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

आधी पैशांचं बघू. निघण्याच्या महिनाभर आधीपासून प्रत्येक जण नातेवाइकांकडे, सोसायटीत, ऑफिसात शब्द टाकतो : मी पुण्यापर्यंत सायकल चालवतोय, किलोमीटरमागे दहा रुपये द्याल का? एका माणसाचे साडेबाराशे झाले, वीस माणसांचे पंचवीस हजार. ही रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जायला हवी आणि पावती देणाऱ्याच्या नावाने फाटायला हवी. डिझेल, नाश्ता, जर्सी यांचा खर्च सायकलस्वारांनी स्वतःच्या वर्गणीतून करायचा. हे दोन हिशेब एकत्र झाले की पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करत नाही. अमेरिकेत १९८० साली ३६ जणांनी बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाची राइड सुरू केली. आज तिथे स्वारांनी गोळा केलेला पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेला जातो, आयोजनाचा खर्च वेगळ्या वाटेने भागवतात. तळोज्यातून निघणाऱ्यांना गरज कुठे आहे ते लांब जाऊन शोधावं लागत नाही. शेजारी खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. गावाकडून आलेली माणसं उपचारांसाठी महिनोन्‌महिने घर सोडून राहतात, त्यांना औषधांइतकीच खोलीच्या भाड्याची आणि दोन वेळच्या जेवणाची चिंता असते.

निघण्याआधी तपासणी. टायर अंगठ्याने दाबून बघायचा, दोन्ही ब्रेक करकचून दाबायचे, चाकांच्या पकडी घट्ट आहेत ना ते पाहायचं. मागचा लाल दिवा पेटत नसेल तर त्या माणसाला उजाडेपर्यंत सोडायचं नाही. मग हजेरी आणि नेमणुका. सगळ्यात पुढे ‘लीड’, सगळ्यात मागे ‘स्वीप’. लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही. नवखे गट सगळ्यात दमदार गड्याला पुढे ठेवतात. माझं ठाम मत उलटं आहे : तो मागे हवा. ज्याच्या अंगात दिवसभर बळ उरतं त्यालाच दमलेल्या माणसाबरोबर तीन तास न चिडता रेंगाळता येतं.

कळंबोलीपर्यंत अवजड वाहनांची सोबत असते, म्हणून एकामागे एक जायचं. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. त्यामुळे पनवेल, पळस्पे फाटा, चौक, खालापूर असा जुन्या महामार्गाने खोपोलीपर्यंतचा रस्ता. सपाटीवर रांग धरून चालवण्यात मोठी बचत आहे. पुढचा वारा फोडतो आणि मागच्याचे श्रम एक-तृतीयांशापर्यंत वाचू शकतात. म्हणून पुढचा माणूस दर काही मिनिटांनी बाजूला होऊन मागे येतो. मात्र मागच्याला रस्ता दिसत नाही, त्यामुळे ‘खड्डा’, ‘काच’, ‘थांबतोय’ ही हाळी शेवटच्या सायकलपर्यंत पोहोचलीच पाहिजे.

या पट्ट्यात पंक्चर हमखास होतं. फुटलेल्या ट्रकटायरांतल्या पोलादी तारा रस्त्याकडेला पडलेल्या असतात, केसाइतक्या बारीक. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं, तर तार आतच राहिली असं समजायचं. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा हळूहळू फिरवायचा. कापूस जिथे अडकेल तिथे तार. बोट फिरवलं तर रक्त निघतं. नखचिमट्याने ती ओढली की दिसते जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची चमकती रेघ, आणि तिच्यासाठी तीस माणसं थांबलेली असतात.

खोपोलीला पोटभर नाश्ता करण्याचा मोह होतो, पण पुढे बोरघाट आहे. दोन इडल्या, केळं, राजगिऱ्याचा लाडू एवढं पुरे. खरं तर खाणं पहाटेपासूनच थोडंथोडं चालू हवं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, पायातली ताकद अचानक जाते. पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालायचं, कारण घामाबरोबर मीठ जातं आणि नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही.

खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची असते. गिअर चढ लागण्याआधीच हलका करायचा. जोर लावलेला असताना बदलायला गेलं की चेन उतरते. इथे रांग मोडायची आणि ज्याने त्याने आपापल्या श्वासाने चढायचं. दोन शब्द बोलता येतील एवढाच वेग ठेवावा. पुढे शिंग्रोबाचं देऊळ. घाटाची वाट साहेबांना दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, असं सांगतात. इथे सगळे थांबतात, आणि शेवटचा माणूस आल्याआल्या निघत नाहीत. तोवर पुढच्यांची विश्रांती झालेली असते, त्याची व्हायची असते. त्याला आल्याबरोबर पुढे हाकललं, तर सगळ्यात दमलेल्यालाच सगळ्यात कमी थांबा मिळतो. शेवटच्याच्या आगमनापासून दहा मिनिटं मोजायची, हा नियम मी कुठेही मोडू देत नाही.

पोटरीत गोळे आले, चक्कर आली तर सायकल सपोर्ट गाडीवर चढवायची. माणसं गाडीत बसायला लाजतात, तेव्हा मी त्यांना बाबा आमट्यांची आठवण देतो. १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबा गाडीतून प्रवास करत होते. यात्रा त्यांचीच होती.

लोणावळ्यानंतर कामशेत, वडगाव, तळेगाव. रस्ता बहुतेक उताराचा, पण दुपारचं ऊन आणि पेंग यांमुळे इथेच चुका होतात. जेवण हलकं ठेवायचं, दर तासाला माणसं मोजायची.

निगडीला पोचल्यावर लीड यादी घेऊन उभा राहतो. एकोणतीस नावांवर खूण झालेली असते. बाकीचे पाय झटकत, पाणी पीत देहूरोडच्या दिशेला बघत असतात. अंधारून आलेल्या रस्त्यावर दोन दिवे दिसतात, एकमेकांना लागून, सावकाश येणारे.