गाठी अंगावर, धोका रक्तवाहिन्यांत

न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ असलेल्या माणसाला आयुष्यभर त्वचेबद्दलच ऐकून घ्यावं लागतं. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी दिसल्या की लोक हात मिळवायला कचरतात. कुणी आईला गरोदरपणात न पाळलेल्या ग्रहणाची आठवण करून देतं. याचा ग्रहणाशी संबंध नाही, आणि हा आजार स्पर्शाने कुणाला होत नाही. १७व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या बदलामुळे तो होतो, साधारण ३,००० बाळांमागे एकाला. ‘आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं’ हेही खरं असू शकतं, कारण जवळपास निम्म्या रुग्णांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो.

पण मला सर्वांत घातक वाटतो तो ‘हा कातडीचाच आजार आहे’ हा समज. हे जनुक जे प्रथिन बनवतं, ते रक्तवाहिनीच्या अस्तरालाही लागतं आणि तिच्या भिंतीतल्या स्नायूलाही. ते कमी पडलं की धमनी कुठे अरुंद होते, तर कुठे तिची भिंत कमजोर होऊन फुगते. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली तर लहान मुलाचाही रक्तदाब चढतो. क्वचित एखादी धमनी फुटते आणि जिवावर बेततं.

त्यासाठी मार लागावा लागत नाही. बरगड्यांमधली किंवा गळपट्टीच्या हाडाखालची धमनी बसल्या जागी फुटू शकते. रक्त फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साचतं. बाहेर थेंबही दिसत नाही. छातीत किंवा पाठीत अचानक कळ येते, धाप लागते, घाम फुटतो, रक्तदाब कोसळतो. कधी मानेवरची किंवा चेहऱ्यावरची जुनी गाठ काही तासांत टम्म फुगते, कारण रक्तस्राव त्या गाठीच्या आतच होत असतो.

‘रक्त गोठत नसेल’ असं नातेवाईक म्हणतात. दोष बहुधा रक्तात नसतो, वाहिनीच्या भिंतीत असतो. म्हणून रक्त गोठण्याच्या तपासण्या नॉर्मल आल्या तरी निर्धास्त होता येत नाही. गाठी थोड्याच आहेत म्हणून आतल्या धमन्या धडधाकट असतील, हेही गृहीत धरता येत नाही.

‘फुटली तर ऑपरेशन करून शिवता येईल’ हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात ही भिंत इतकी ठिसूळ असू शकते की टाका घालतानाच फाटते. म्हणून शक्य असेल तिथे जांघेतून बारीक नळी आत नेऊन, फुटलेली वाहिनी कॉइलने आतून बंद करतात.

आतड्याची गोष्ट वेगळी. या रुग्णांत लहान आतड्यात जिस्ट नावाच्या गाठी होण्याची शक्यता जास्त असते. त्यांतून हळूहळू रक्त झिरपतं आणि वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या चालू राहतात. डांबरासारखी काळी शौच झाली, तर ती मूळव्याध समजून घरी बसू नये.

हे वाचून घाबरून जाऊ नये. बहुतेक रुग्णांवर अशी वेळ कधीच येत नाही. रक्तदाब मात्र वर्षातून एकदा तरी मोजलाच पाहिजे, मुलांचासुद्धा. आणि अचानक कळ येऊन कॅज्युअल्टीत जावं लागलं, तर पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव सांगावं. म्हणजे डॉक्टर नुसत्या ईसीजीवर न थांबता रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायचा विचार लवकर करतील.