कुत्र्यांनाही मैदान हवे

मार्गशीर्षात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार सर्वांस ठाऊक आहे. पण देवाबरोबर असतो तो कुत्रा, आणि स्वतःला त्याचा कुत्रा मानून भुंकतो तो वाघ्या! एवढा मान असून कुत्र्याला मोकळी जागा मात्र आपण देत नाही.

लातूर-नांदेडकडचे कारवानी कुत्रे पाहा: लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट. हे वासावर नव्हे, नजरेवर धावणारे जनावर. ते दिवसभर साखळीला राहिले की चिडते, अंगावर येते.

हैदराबादेत कोंडापूरला २०१८ साली कुत्र्यांची बाग झाली, सुमारे सव्वा एकराची. आपल्याकडे गावठाणाची पडीक जागाही चालेल. फाटके एकामागे एक अशी दोन हवीत. पहिले लावल्यावाचून दुसरे उघडायचे नाही, म्हणजे कुत्रे निसटत नाही. जागा वाढवाल तेव्हा मधे कुंपण घाला. मुताने गवत जळते. एक भाग काही दिवस रिकामा ठेवला की ते पुन्हा फुटते. सावली आणि रोज उपसलेला हौद हे आलेच.

लस टोचल्यावाचून मात्र आत घेऊ नये. रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस बहुधा वाचतच नाही. चावल्यास जखमेत तिखट भरू नका (आमच्याकडे अजून भरतात!). साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुरुजी, हे शाळेतल्या नळावर मुलांकडून एकदा करवून घ्या.