ट्रामने जोडलेला बेल्जियमचा समुद्रकिनारा

फ्रान्सच्या सीमेलगतच्या डे पाने या गावापासून नेदरलँड्सच्या सीमेजवळील क्नोकेपर्यंत बेल्जियमचा चिंचोळा समुद्रकिनारा पसरला आहे. या संपूर्ण किनाऱ्याला समांतर अशी एकच ट्राम धावते. सुमारे ६७ किलोमीटरचा हा मार्ग जगातील सर्वाधिक लांबीच्या ट्राममार्गांमध्ये गणला जातो. सलग प्रवासास सुमारे अडीच तास लागतात; मात्र दिवसभराचे तिकीट काढून हवे तेथे उतरत जाणेच अधिक श्रेयस्कर.

ओस्टेंड ते न्यूपोर्ट हा पहिला टप्पा १८८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा ट्राम वाफेवर चालत असे. पुढे बेल्जियमभर अशा स्थानिक मार्गांचे सुमारे ४,८०० किलोमीटरचे जाळे विणले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर बस आणि मोटारींपुढे ते जवळजवळ नामशेष झाले. मुंबईतील ट्रामनेही १९६४ मध्ये बसलाच वाट करून दिली होती. किनाऱ्यावरील मार्ग मात्र टिकला. येथील गावे एका ओळीत वसलेली असल्याने एकाच मार्गाने सर्वांची सोय होते, ही गोष्ट नकाशा पाहताच ध्यानात येते.

ओस्टेंडहून पश्चिमेस निघाल्यावर काही अंतर ट्राम अगदी समुद्राला लागून जाते. त्यानंतर येणाऱ्या न्यूपोर्टला अवश्य उतरावे. इझेर नदीवरील येथील जलद्वारांनी पहिल्या महायुद्धाची दिशा बदलली. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस जर्मन सैन्य पुढे सरकत असताना भरतीच्या वेळी ही द्वारे उघडण्यात आली आणि ओहोटीपूर्वी बंद करण्यात आली. काही रात्री हाच क्रम चालला. समुद्राचे पाणी सखल शेतांत पसरले आणि आक्रमण थोपले. देशाचा पश्चिमेकडील लहानसा कोपरा त्यामुळे युद्धाच्या अखेरपर्यंत स्वतंत्र राहिला. शेतकऱ्यांच्या जमिनी मात्र खाऱ्या पाण्याखाली गेल्या. जलद्वारांजवळच राजे आल्बर्ट पहिले यांचे १९३८ मधील वर्तुळाकार स्मारक आहे.

त्यापुढील ऊस्टडाउनकेर्के येथे घोड्यावर बसून उथळ समुद्रात कोळंबी पकडण्याची परंपरा आजही जपली जाते. युनेस्कोने २०१३ मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

ओस्टेंडच्या पूर्वेस डे हान हे पांढऱ्या घरांचे टुमदार गाव लागते. हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनीस परतण्याचे नाकारून अल्बर्ट आइनस्टाइन १९३३ मध्ये सुमारे सहा महिने येथे राहिले. जिवाला धोका असल्याने त्यांना पोलीस संरक्षण देण्यात आले होते. सप्टेंबरमध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथून अमेरिकेस रवाना झाले.