शटरामागचं चित्र

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात पत्रा सपाट राहत नाही. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणारे लहान उद्योग वाढले. सपाट पत्रा प्रेसखाली घालायचा आणि खोलगट भाग बाहेर काढायचा, हे इथलं रोजचं काम. रस्त्याकडेला फॅब्रिकेशनवाल्यांकडेही तेच चालतं.

तिथे दुकानाचं शटर तयार होताना पाहिलं. पत्र्याची अरुंद पट्टी यंत्राच्या रोलांमधून जाते आणि पोटाला बाक, दोन्ही कडांना मुरड घेऊन बाहेर पडते. सपाट असताना ती हातात लवलवत होती; बाक पडताच ताठ झाली. मग एका पट्टीच्या मुरडीत दुसरी बाजूने सरकवायची. कडा एकमेकींत अडकतात, पण फिरायला जागा ठेवतात, म्हणून शटर गुंडाळलं जातं. वरच्या पाइपावर स्प्रिंगा बसवतात. त्यांच्या ताणामुळे एवढं वजन एकट्या माणसाला उचलतं. दोन्ही बाजूंना चॅनल. शेवटी रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंट.

शटरावर दुकानाचं नाव रंगवणाऱ्या पेंटरची खरी कसोटी इथे लागते. अक्षराची उभी रेघ प्रत्येक पट्टीवर फुगते, प्रत्येक खाचेत दडते. समोरून सरळ दिसणारी रेघ बाजूने पाहिली की नागमोडी होते. खाचेत रंग जाड राहिला तर पट्ट्या चिकटतात आणि शटर वर जाताना पापुद्रे निघतात.

चित्राने भिंत सोडून पुढे, तिसऱ्या मितीत येण्याचे प्रयोग शंभर वर्षांहून जुने आहेत. पिकासोने 1912 मध्ये पुठ्ठ्याची, 1914 मध्ये पत्र्याची गिटार केली. पुढे इटलीत फोंताना या चित्रकाराने कॅनव्हासच चिरला. मुंबईचे अतुल दोडिया मात्र थेट शटरापाशी पोचले. जन्म 1959चा, घाटकोपरचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 2000च्या सुमारास त्यांनी दुकानाच्या शटरांवर इनॅमल रंगात चित्रं काढायला घेतली आणि शटरामागे दुसरं चित्र ठेवलं. ‘महालक्ष्मी’ (2002) या कामात शटरावर देवी आहे. शटर वर केलं की मागे गळफास घेतलेल्या बहिणी दिसतात, हुंड्यापायी जीव दिलेल्या. देवी गुंडाळल्याखेरीज त्या दिसतच नाहीत.

इथे तिसरी मिती केवळ पत्र्याच्या बाकातून येत नाही. ती येते झाकण्या-उघडण्यातून. दोन्ही चित्रं शेजारी टांगली असती, तर हा घाव बसला नसता.

शहरातले कलेचे विद्यार्थी स्केचिंगला वेरूळ-अजिंठ्याला जातात, ते योग्यच. पण त्यांनी एखादा दिवस बजाजनगरच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडेही काढावा. पत्रा वाकवणारे हात तिथे आहेत. त्या पत्र्यामागे काय ठेवायचं, हे मात्र चित्रकारानेच ठरवायचं.