गिऱ्हाईक मिळाले तरच टाकाऊचे टिकाऊ

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा प्रयोग शाळाशाळांतून परिचयाचा आहे. कार्यानुभवाच्या तासाला करवंट्या, चिंध्या व रिकामी खोकी यांपासून अनेक सुबक वस्तू तयार होतात, प्रदर्शनात मांडल्या जातात आणि वर्षअखेर कपाटावर धूळ खात पडतात. त्यांत कौशल्याची उणीव नसते. उणीव असते ती गिऱ्हाइकाची. मोठ्या प्रमाणावरही नेमके हेच घडते. टाकाऊ पदार्थ गोळा केला, निवडला, त्यावर प्रक्रिया केली, परंतु तयार माल कोणी विकत घेतला नाही, तर तो पुन्हा कचराच ठरतो. या दृष्टीने गुजरातमधील सुरत शहराचा अनुभव अभ्यास करण्याजोगा आहे.

सुरत महाराष्ट्राला परके नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे कापडाच्या धंद्यात राबत आहेत. सप्टेंबर 1994 मध्ये या शहरात प्लेगची साथ आली आणि भयभीत झालेल्या लोकांनी मिळेल त्या वाहनाने गावचा रस्ता धरला, हे खानदेशातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. 1995 पासून तत्कालीन महानगरपालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहर स्वच्छ करण्याची जी मोहीम सुरू झाली, तिची कीर्ती देशभर पसरली. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतने इंदूरबरोबर संयुक्तपणे पहिला क्रमांक मिळविला. परंतु झाडलेल्या कचऱ्याचे व वाहून नेलेल्या सांडपाण्याचे पुढे काय, हा प्रश्न झाडूने सुटत नाही.

सांडपाण्याचे उदाहरण प्रथम घेऊ. पांडेसरा औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याच्या व छपाईच्या गिरण्या आहेत. त्यांना पाणी विपुल लागते, आणि तेही कमी क्षारांचे. क्षार वाढले की कापडावर रंग सारखा चढत नाही. महानगरपालिकेने 2014 मध्ये बमरोली येथे दररोज 4 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू केला. एकवार शुद्ध केलेले शहरातील सांडपाणी तेथे पुन्हा गाळले जाते आणि हल्ली घरोघरी दिसणाऱ्या ‘आरओ’ यंत्राच्याच तत्त्वावर त्यातील क्षार काढले जातात. हे पाणी नळाने गिरण्यांकडे जाते आणि गिरण्या त्याचे पैसे मोजतात. तेवढे गोडे पाणी वाचते, हा लाभ उघड आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, प्रक्रियेचा खर्च भागविण्यास विक्रीचे उत्पन्न हाती येते. एरवी केवळ खर्चच दिसणाऱ्या खात्यात जमेची बाजू दिसू लागली, ती या गिऱ्हाइकांमुळे.

दुसरे उदाहरण हजिरा येथील आहे. सुरतजवळच्या या बंदरालगत पोलादाचा मोठा कारखाना असून पोलाद तयार होताना त्यातून स्लॅग म्हणजे धातुमळी निघते. (साखर कारखान्यातील मळीशी हिचा काही संबंध नाही, ही थंड झाल्यावर दगडासारखी कठीण होते.) देशात दरवर्षी सुमारे 1 कोटी 90 लाख टन पोलादाची धातुमळी निघते, असा 2022 मधील अंदाज होता. तिचे ढीग जमीन अडवितात, आणि दुसरीकडे रस्त्याच्या खडीसाठी डोंगर फोडले जातात.

धातुमळी जशीच्या तशी रस्त्यात घालता येत नाही, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. तिच्यात काही अंश मोकळा चुना असतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो कसा फुलून येतो, हे ग्रामीण वाचकास सांगावयास नको. ओल लागून हाच प्रकार डांबराखाली घडला, तर रस्ता उचलला जाऊन भेगाळेल. म्हणून धातुमळी आधी मुरवावी लागते, त्यानंतर ती फोडून, चाळून व तपासून तिची खडी केली जाते. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हजिरा येथे अशा सुमारे एक लाख टन खडीचा सहापदरी रस्ता 2022 मध्ये पूर्ण झाला. लांबी सुमारे एक किलोमीटरच. पण त्यात नैसर्गिक खडी मुळीच वापरलेली नाही. रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा 30 टक्क्यांनी कमी ठेवूनही दररोज हजाराच्या वर अवजड मालमोटारी त्यावरून जाऊ लागल्या. पुढे रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील कारखान्याच्या सुमारे 80 हजार टन धातुमळीतून मुंबई-गोवा महामार्गाचा एक किलोमीटरचा चौपदरी भाग बांधण्यात आला व जानेवारी 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

पुनर्निर्मित माल म्हणजे हलका माल, असा समज आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या बादलीची कडी पहिल्याच उन्हाळ्यात हातात आल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. परंतु त्यावरून सर्वच मालास नावे ठेवणे योग्य नव्हे. ज्या घरात हा समज पक्का असतो, त्या घराच्या भिंतीतही बहुधा टाकाऊ पदार्थ असतो! बाजारातील सिमेंटच्या पोत्यावर ‘पोर्टलँड पोझोलाना’ असे लिहिलेले असल्यास त्या सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार 15 ते 35 टक्के राख असते, व ती सहसा औष्णिक वीजकेंद्रातीलच असते. या राखेलाही एके काळी कोणी विचारीत नव्हते. 1999 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील वीटउत्पादकांवर राख वापरण्याचे बंधन घातले; पुढे ही मर्यादा वाढत गेली. म्हणजे गिऱ्हाईक येथे प्रथम कायद्याने निर्माण केले आणि नंतर ते आपल्या पायांनी येऊ लागले.

पाडलेल्या इमारतींच्या मलब्याची स्थिती अद्याप तशी नाही. सुरतमधील कोसाड येथे दररोज 300 टन मलबा हाताळू शकणारा प्रकल्प असून तेथे फरसबंदीचे ठोकळे तयार होतात. 2016 च्या केंद्रीय नियमांत महानगरपालिका व शासकीय कामांत 10 ते 20 टक्के असा माल खरेदी करण्याची अपेक्षा व्यक्त झाली. त्याच वर्षीच्या आयएस 383 या मानकाने जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत व लोखंडी सळईच्या एम-25 पर्यंतच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली. मानकाची मुभा असूनही कामाच्या अंदाजपत्रकात मात्र बहुधा सवयीने नुसती ‘खडी’ लिहिली जाते, आणि ठेकेदार खाणीचीच खडी आणतो.

अंदाजपत्रक तयार होतानाच अभियंत्याकडे ही विचारणा करणे सरपंचांना व ग्रामसेवकांना अवघड नाही. मालाबरोबर तपासणीचा दाखला मागावा. तो नसल्यास स्वस्ताईच्या मोहाने माल घेऊ नये. वाहतुकीचा हिशेबही आधी मांडावा. हजिऱ्याची खडी धुळ्यापर्यंत आणणे परवडणारे नाही. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या परिसरातील गावांना राखेच्या विटा सोयीच्या, रायगडात धातुमळीची खडी सोयीची, तर मोठ्या शहरालगतच्या ग्रामपंचायतींना मलब्याचे ठोकळे.