परदेशस्थ निवृत्तिवेतनधारक : निवृत्तिवेतन, बँक खाते आणि निवासाचा प्रश्न

सारांश
सेवानिवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी स्थायिक होणाऱ्या प्राध्यापकांची व शासकीय कर्मचाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. देश सोडल्याने निवृत्तिवेतनाचा हक्क संपत नाही; मात्र त्या हक्काची रक्कम ज्या खात्यात जमा होते त्या खात्याचे स्वरूप आणि त्या रकमेवरील कर या दोन्ही बाबी बदलतात. निवृत्तिवेतनाचे नियम, परकीय चलनाचा कायदा आणि आयकराचा कायदा हे तिन्ही एकाच व्यक्तीकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. या भेदाचे स्वरूप व त्याचे व्यावहारिक परिणाम प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला, अनिवासी खाते, निवासी दर्जा, दुहेरी करआकारणी.

प्रस्तावना
परदेशगमनाची तयारी करताना पारपत्र, व्हिसा, आरोग्यविमा आणि औषधे यांचा विचार काळजीपूर्वक केला जातो. निवृत्तिवेतन मात्र आपोआप जमा होत राहील, या समजुतीने त्याकडे दुर्लक्ष होते. पुढे कधी निवृत्तिवेतन थांबते, कधी बँक व्यवहार अडवते, तर कधी आयकर विभागाची सूचना येते. तोपर्यंत संबंधित व्यक्ती हजारो मैल दूर असते आणि जुन्या भ्रमणध्वनी क्रमांकावर येणारा सांकेतिक अंकही तिला मिळत नसतो. या अडचणींचे मूळ बहुधा एकच असते. ‘परदेशी गेलेला माणूस’ ही एकच कायदेशीर अवस्था आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात निवृत्तिवेतनाचे नियम ‘व्यक्ती हयात आहे काय?’ असे विचारतात. परकीय चलनाचा कायदा ‘ती कोणत्या हेतूने गेली?’ हे पाहतो. आयकराचा कायदा ‘ती भारतात किती दिवस राहिली?’ हे मोजतो.

प्रस्तुत विवेचन महाराष्ट्र राज्यातील जुन्या निवृत्तिवेतन योजनेच्या लाभधारकांपुरते मर्यादित आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांसाठी अंशदानावर आधारित वेगळी व्यवस्था असल्याने तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

१. निवृत्तिवेतनाचा हक्क
डी. एस. नाकरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निर्णय दिला. निवृत्तिवेतन ही शासनाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नसून पूर्वी केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे त्या निर्णयाचे सार होय. २०१३ मध्ये झारखंड राज्य विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव या खटल्यात न्यायालयाने निवृत्तिवेतनाला संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ अन्वये मालमत्तेचे संरक्षण असल्याचे स्पष्ट केले. हक्काचा उगम सेवेत असल्याने केवळ निवासस्थान बदलल्यामुळे तो नष्ट होत नाही.

सर्वच देशांत निवासस्थानाचा प्रश्न असा हक्काबाहेर ठेवलेला नाही. ब्रिटनचे राजकीय निवृत्तिवेतन तेथे राहणाऱ्यांसाठी दरवर्षी वाढते. परंतु तेथून भारत, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्यांना ही वार्षिक वाढ मिळत नाही. त्यांची रक्कम स्थलांतराच्या अथवा प्रथम प्रदानाच्या वेळच्या दरावरच गोठते. भारतातील निवृत्तिवेतनधारकाच्या बाबतीत निवासस्थानाचा परिणाम प्रामुख्याने बँक व कर या मार्गांनी होतो.

२. हयातीचा दाखला
निवृत्तिवेतनधारकाने दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयात असल्याचा पुरावा सादर करणे अपेक्षित असते. एरवी बँकेच्या शाखेत जाऊन यादीवर स्वाक्षरी केली की हे काम होते. दाखला न मिळाल्यास प्रदान थांबते. दाखला मिळाल्यावर ते थकबाकीसह पुन्हा सुरू होत असले, तरी मधल्या काळात औषधोपचाराचा किंवा घराच्या देखभालीचा खर्च अडतो.

परदेशी असलेल्या व्यक्तीस यासाठी दोन मार्ग उपलब्ध आहेत. भारतीय वकिलात किंवा वाणिज्य दूतावासातील प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर स्वाक्षरी करून दाखला पाठवणे, हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल सेवेचा. २०२१ पासून या सेवेत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाल्याने बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची गरज उरलेली नाही. मात्र ही सेवा आधार क्रमांकावर चालते. त्यामुळे आधारमधील नाव, जन्मतारीख व निवृत्तिवेतन प्रदान आदेशातील नोंदी जुळतात की नाही, हे प्रस्थानापूर्वीच तपासणे हिताचे ठरते.

३. बँक खात्याचे रूपांतर
परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ हा कायदा १ जून २००० पासून लागू आहे. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ परदेशी राहण्याचा हेतू दर्शवणारी परिस्थिती यांपैकी कोणत्याही कारणाने व्यक्ती देश सोडते, तेव्हा ती या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते. नातवंडाच्या जन्मासाठी पर्यटक व्हिसावर पाच महिने गेलेली आजी निवासीच राहते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड घेऊन कायम वास्तव्यासाठी गेलेले आजोबा मात्र प्रस्थानापासूनच अनिवासी ठरतात.

अनिवासी झालेल्या व्यक्तीने ही गोष्ट बँकेस कळवून आपले बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे बँकेच्या भाषेत एन.आर.ओ. खात्यात, रूपांतरित करून घ्यावयाचे असते. निवृत्तिवेतन, घरभाडे, व्याज यांसारखे भारतातील उत्पन्न याच खात्यात जमा होते. जुने खाते तसेच चालू ठेवणे हे या कायद्याचे उल्लंघन होय. उल्लंघनातील रक्कम निश्चित करता येत असल्यास तिच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

एन.आर.ओ. खात्यात गेलेला पैसा भारतातच अडकतो, हा समज बरोबर नाही. या खात्यातील शिल्लक व मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कम मिळून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येते. निवृत्तिवेतन हे चालू उत्पन्न असल्याने ते कर भरल्यानंतर या मर्यादेबाहेरही पाठवता येते, किंवा अनिवासी बाह्य म्हणजे एन.आर.ई. खात्यात वळवता येते. त्यासाठी करविषयक घोषणापत्र आणि आवश्यक तेथे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. अनिवासी व्यक्तीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते मात्र उघडता येत नाही.

४. आयकर : दिवसांची मोजणी
आयकराच्या दृष्टीने हेतूपेक्षा दिवसांना महत्त्व असते. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. त्याचप्रमाणे त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्तीही निवासी ठरते. परदेशी राहणारा भारतीय नागरिक भेटीसाठी येतो, तेव्हा ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. त्याचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असल्यास ही मर्यादा २०२० च्या दुरुस्तीनुसार १२० दिवस होते. १९६१ च्या आयकर अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमाची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ असून निवासाच्या कसोटीचे मूळ स्वरूप त्यातही कायम आहे.

या भेदाचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एक सेवानिवृत्त प्राध्यापक १० ऑगस्ट रोजी मुलाकडे कायम वास्तव्यासाठी जातात. परकीय चलनाच्या कायद्यानुसार ते प्रस्थानापासून अनिवासी ठरतात. परंतु १ एप्रिलपासून त्यांचे भारतातील वास्तव्य १३२ दिवसांचे असून मागील चार वर्षे ते येथेच होते. ते नोकरीसाठी गेलेले नसल्याने त्यांना ६० दिवसांचीच मर्यादा लागू होते. म्हणून आयकरासाठी त्या संपूर्ण वर्षात ते निवासीच राहतात. एकाच वर्षी बँकेला ‘अनिवासी’ आणि आयकर विवरणपत्रात ‘निवासी’ लिहिणे हा विसंगत व्यवहार नसून दोन्ही कायद्यांचे यथायोग्य पालन होय.

दर्जा बदलल्यावर कराचा भारही बदलतो. समजा, निवृत्तिवेतन दरमहा ९० हजार रुपये, म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार रुपये आहे व अन्य उत्पन्न नाही. आर्थिक वर्ष २०२५–२६ च्या नव्या करप्रणालीनुसार ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता १० लाख ५ हजार रुपये उरतात. निवासी व्यक्तीस १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसवलत असल्याने तिचा कर शून्य होतो. ही सवलत अनिवासी व्यक्तीस नाही. त्याच रकमेवर तिला ४० हजार ५०० रुपये कर व चार टक्के उपकर मिळून ४२ हजार १२० रुपये भरावे लागतात. शिवाय एन.आर.ओ. खात्यातील व्याजावर ३० टक्के दराने, अधिक उपकरासह, मुळातच करकपात होते. प्रत्यक्ष देय कर त्याहून कमी असल्यास विवरणपत्र भरून परतावा मिळवता येतो. मात्र विवरणपत्रच न भरल्यास तो मिळत नाही.

५. दुसऱ्या देशाचे दायित्व
भारतात कर भरला म्हणजे जबाबदारी संपली, असेही म्हणता येत नाही. अमेरिका आपल्या नागरिकांच्या व ग्रीन कार्डधारकांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते. भारतात भरलेल्या कराची वजावट तेथे मिळू शकते. परंतु त्यासाठी उत्पन्न जाहीर करणे आवश्यक असते. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात कोणत्याही दिवशी १० हजार डॉलरहून अधिक झाल्यास त्याची स्वतंत्र माहिती तेथील अर्थखात्याला द्यावी लागते. आईवडिलांच्या खात्यात केवळ सोयीसाठी नाव लावलेल्या अमेरिकास्थित मुलालाही हा नियम लागू होतो. भारत व अमेरिका यांच्यात ९ जुलै २०१५ रोजी झालेल्या करारानुसार खात्यांची माहिती दोन्ही देशांत परस्परांना पुरवली जाते. खाते लपून राहील, ही अपेक्षा म्हणूनच निराधार आहे.

६. मुखत्यारपत्र व नामनिर्देशन
भारतातील वीजबिल, मालमत्ता कर, सोसायटीची वर्गणी यांसाठी विश्वासू नातेवाइकास मुखत्यारपत्र देता येते. मुखत्यार एन.आर.ओ. खात्यातून रुपयांतील स्थानिक देणी भागवू शकतो. खातेदाराच्या वतीने भेट म्हणून रक्कम देण्याचा अधिकार त्यास नसतो. खातेदाराच्या मृत्यूबरोबर मुखत्यारपत्र संपुष्टात येते. त्यानंतर त्याच्या आधारे पैसे काढणे बेकायदेशीर ठरते. मृत्यूनंतर जमा झालेले निवृत्तिवेतनही शासनास परत करावे लागते. म्हणून परदेशी मृत्यू झाल्यास कोषागार व बँक यांना विनाविलंब कळवणे आणि निवृत्तिवेतन प्रदान आदेशात पती अथवा पत्नीची नोंद अचूक असणे, या दोन्ही बाबींवर कुटुंब निवृत्तिवेतन वेळेवर सुरू होणे अवलंबून असते.

निवासी नातेवाइकास एन.आर.ओ. खात्यात ‘पहिला किंवा हयात’ या पद्धतीने सहखातेदार करता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा मिळाली आहे. जी अन्य खाती वापरात नाहीत ती बंद करणे श्रेयस्कर होय. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षे दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. ती परत मिळवता येते. परंतु वृद्धापकाळी परदेशातून हे काम सोपे नसते.

समारोप
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, परदेशस्थ निवृत्तिवेतनधारकाचा मूळ हक्क सुरक्षित असतो. धोका त्या हक्काच्या अंमलबजावणीत असतो. हयातीचा दाखला, खात्याचा दर्जा आणि वास्तव्याचे दिवस या तीन गोष्टींची स्वतंत्र नोंद ठेवणे हाच त्यावरील उपाय होय. महाविद्यालयांना निवृत्तीच्या वेळी कागदपत्रे पूर्ण करून देतानाच ही माहितीही देता येईल. मुलांच्या घरी, परक्या देशात, वृद्ध शिक्षकाजवळ स्वतःची म्हणून बहुधा हीच एक मिळकत असते. ती नियमित मिळत राहिली, तर परावलंबित्वाची भावना पुष्कळ अंशी कमी होते. आणि निवृत्तिवेतनामागील मूळ हेतूही तोच आहे.